हॉलचे दिवे दोनदा विझवल्याबाबत

शेरीफ कचेरी, ब्रायर फोर्क, केंटकी
वार शनिवार, बंदुकांच्या मेळ्याचा पहिला दिवस, संध्याकाळ

नाव: इमोजीन फुगेट
वय: ६३
धंदा: शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त. मेळ्याच्या दिवशी दारावर काम
राहणार: सिडर हॉलो रस्ता, ब्रायर फोर्क

वर नाव लिहिलेली मी आपल्या पायांनी या कचेरीत आले असून, डेप्युटी टायलर हेन्सली यांच्यासमोर बसून, कोणी धाक न दाखवता सांगते ते येणेप्रमाणे.

डेप्युटी हेन्सली यांना मी ते पहिलीत असल्यापासून ओळखते. शाळेत त्यांच्या ताटात बीन्स मीच वाढत होते, आणि ते बीन्स तसेच ठेवून नुसता मक्याचा ब्रेड खायचे. त्यामुळे बोलताना माझ्या तोंडून 'अरे टायलर' गेलं तर ते तसंच लिहून घ्यावं. कॉफी मला विचारली होती. मी नको म्हटलं.

माझा नवरा डेल्बर्ट, वय ६६, याला ऐकू येत नाही. तो कोळशाच्या खाणीत सुरुंग लावायचं काम करायचा, त्यात कान गेले. कानाची यंत्रं आहेत, पण मेळ्यात लाऊडस्पीकरचा भोंगा सुरू झाला की ती शिट्ट्या मारतात, म्हणून तो ती काढून शर्टाच्या खिशात टाकतो. खिशात राहून ती काय ऐकतात ते त्यालाच ठाऊक. घरी मी त्याला हाका मारण्याच्या भानगडीत पडत नाही. तो मागच्या शेडमध्ये बंदुकांच्या दुर्बिणी दुरुस्त करत बसतो आणि त्या शेडच्या दिव्याचं बटण माझ्या स्वयंपाकघरात आहे. जेवण तयार झालं की मी दिवा दोनदा घालवून लावते. मग तो हातात असेल ते खाली ठेवतो, हात पॅन्टला पुसतो आणि दाराकडे वळतो. लग्न झाल्यापासून नव्हे, पण कान गेल्यापासून आमचं असंच चाललं आहे.

हा मेळा जत्रेच्या मैदानावरच्या पत्र्याच्या हॉलमध्ये भरतो, जिथे उन्हाळ्यात गुरांचं प्रदर्शन असतं. भरवणारे रॉइस टॅकेट. डेल्बर्टचं आत टेबल असतं, आणि मी दारावर बसते. माझं काम असं. कोणी विकायला किंवा दुरुस्तीला बंदूक आणली की ती उघडून बघायची, गोळ्या असल्या तर काढून पुडीत घालून परत द्यायच्या, आणि गोळी बसते त्या जागेतून प्लास्टिकची नारिंगी पट्टी ओवून आवळायची. एकदा आवळली की कात्रीशिवाय सुटत नाही. पट्टी असली की त्या बंदुकीत गोळी शिरूच शकत नाही. माझ्या डोक्यावर पाटी आहे, 'भरलेलं शस्त्र आत नेऊ नये.' अक्षरं लाल आहेत.

आता जे शस्त्र लोक विकायला आणत नाहीत, स्वतःच्या रक्षणासाठी कमरेला लावून येतात, त्याबद्दल डेप्युटींनी विचारलं. सांगते. त्याबद्दल मी प्रत्येकाला विचारते, "जवळ काही आहे का?" तो म्हणतो, "नाही." मग मी त्याच्या हातावर शिक्का मारते. शर्ट कमरेशी फुगलेला असला तरी तिकडे बघायचं नाही, असा आमच्या दाराचा रिवाज आहे. आमच्याकडे याला सभ्यपणा म्हणतात, टायलर, तुला माहीत आहे. तूही सुट्टीच्या दिवशी आलास की माझ्याकडे न बघता शिक्क्यासाठी हात पुढे करतोस.

गेल्या मेळ्यानंतर यावर सभा झाली होती. डेल्बर्ट उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्या मते सगळ्यांचीच शस्त्रं दारात ठेवून घ्यावीत. पट्टी बांधायची तर सगळ्यांनाच बांधा." ऐकू येत नसल्यामुळे तो फार मोठ्याने बोलतो, त्यामुळे ते भांडल्यासारखं वाटलं. त्यावर वेंडेल कॉडिल उठला. वेंडेल म्हणजे शाळेची बस चालवायचा तो, आमच्या चर्चमध्ये गातो, आणि दर रविवारी आमच्या घरी जेवायला असतो. त्याची बायको गेल्यापासून. तो म्हणाला, "अरे बाबा, बंदुकांच्या मेळ्यात येणाऱ्याची बंदूक काढून घेणार? उद्या शिंप्याच्या दुकानात चड्डी काढून ठेवायला सांगशील!" सगळे खो खो हसले. डेल्बर्टही हसला. त्याला शब्दही ऐकू आला नव्हता, पण लोक हसले की तो हसतो. वेंडेल पुढे म्हणाला की हॉलमध्ये इतकी चांगली माणसं इतकी हत्यारं घेऊन असताना कुठल्या वेड्याची आत यायची छाती होईल. रॉइस टॅकेट म्हणाले की सक्ती केली तर लोक पलीकडच्या काउंटीतल्या मेळ्याला जातील. मग हात वर करायला सांगितले. मी वेंडेलच्या बाजूने हात वर केला. डेल्बर्ट माझ्या शेजारीच बसला होता.

आज सकाळी निघताना डेल्बर्टचं आणि माझं कोटावरून वाजलं. त्याचा तपकिरी कोट कोपरापाशी फाटलाय, अस्तर बाहेर आलंय. तो कोट अख्ख्या काउंटीला पाठ आहे. मी म्हटलं, "चार लोकांत जायचंय, भिकाऱ्यासारखा दिसतोस," आणि नाताळात घेतलेला नवा काळा कोट त्याच्या अंगात घालायला लावला. तो म्हणाला, "यात मी मी वाटत नाही." हे शब्द लिहून घ्यावेत.

वेंडेल दारावर आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे विचारलं, "जवळ काही आहे का?" तो म्हणाला, "देवाची कृपा आणि गुडघेदुखी, दुसरं काही नाही." मी हसून शिक्का मारला. नंतर बराच वेळाने एक तिशीचा माणूस बायकोबरोबर आला. त्याचं नाव ब्रॅडी व्हिटेकर, हे मला मागाहून कळलं. त्यालाही विचारलं. त्याने "नाही, मॅडम" म्हटलं आणि म्हणता म्हणता हात कमरेवरून फिरवला, पाकीट चाचपतात तसा. शर्ट फुगलेला होता. मला दिसलं होतं. मी शिक्का मारला. त्याच सुमारास एका म्हाताऱ्याने दुर्बीण बसवलेली रायफल आणली, तिला मी माझ्या हाताने पट्टी बांधली आणि सांगितलं, "सरळ जा, शेवटच्या टेबलावर काळ्या कोटातला माणूस बसलाय, तोच माझा नवरा. खांद्याला हात लाव, हाक मारू नकोस."

दुपारी जेवणाच्या सुमारास हॉल गच्च भरला होता. बाहेर गारठा म्हणून मोठे दरवाजे बंद होते, फक्त माझं छोटं दार उघडं होतं. डुकराच्या मांसाचे सँडविच विकणाऱ्याकडे रांग लागली होती. तेवढ्यात बार उडाला.

झालं ते एवढंच होतं. डेल्बर्टच्या शेजारच्या टेबलावर एकजण पिस्तूल कमरेला अडकवायची चामड्याची म्यानं विकतो. गिऱ्हाइकाला म्यान घालून बघायचं असेल तर त्याच्याकडे निळ्या प्लास्टिकची खोटी पिस्तुलं असतात. पण ब्रॅडी व्हिटेकरला आपलंच पिस्तूल घालून बघायचं होतं. खोट्याने कसं कळणार नीट बसतं की नाही? शर्टाखालून त्याने ते काढलं, नव्या म्यानात दाबलं, नव्या चामड्याची कड चापात अडकली, आणि गोळी त्याच्याच पोटरीतून जमिनीत गेली. तो लाजेने म्हणा, दुखण्याने म्हणा, मुकाट टेबलाखाली बसला. ओरडलासुद्धा नाही. म्यानवाला जमिनीवर पालथा पडला. डेल्बर्टकडे रायफल घेऊन आलेला म्हाताराही पडला. त्यामुळे बार कोणी काढला ते दिसायला तिथे कोणी उरलंच नाही. उभा राहिला एकटा डेल्बर्ट.

तो हॉलकडे पाठ करून उभा होता. ती दुरुस्तीची रायफल खांद्याला लावून, छताच्या कोपऱ्यातल्या पक्ष्याच्या घरट्यावर दुर्बीण जुळवून बघत होता. त्याने मला नंतर सांगितलं की त्याला पायाखाली काहीतरी धप्प झाल्यासारखं वाटलं, पण मेळ्यात टेबलं पडतच असतात. अर्धे लोक जमिनीवर झोपले, म्हणून मला दारातून सरळ तो दिसला. काळा कोट घातलेला, रायफल रोखून उभा असलेला एक माणूस.

आणि मग उरलेल्यांचे शर्ट वर झाले.

टायलर, मी ते कसं सांगू? सकाळपासून ज्यांनी ज्यांनी मला "नाही" म्हटलं होतं त्यांच्या सगळ्यांच्या हातात पिस्तूल आलं. मी मोजलेले नाहीत. माझ्यासमोरच्या रांगेत ज्यांना मी केक कसा झाला विचारलं होतं त्या बायकांच्या पर्समधूनही निघाली. काही पिस्तुलांची तोंडं डेल्बर्टकडे, काहींची एकमेकांकडे, कारण प्रत्येकाला समोर हातात पिस्तूल घेतलेला दुसरा माणूस दिसत होता, आणि तो कोण, चांगला की वाईट, हे कोणाच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं. सगळे एकदम ओरडत होते. "टाक! खाली टाक! टाक ती!" मी ओरडले, "त्याला ऐकू येत नाही! अरे, तो बहिरा आहे!" माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. हॉलमध्ये त्या घडीला बाहेर निघालेली जेवढी हत्यारं होती त्यांत ज्यातून गोळी सुटूच शकत नव्हती असं एकच होतं, आणि ते माझ्या नवऱ्याच्या हातात होतं. पट्टी मीच बांधली होती. मागून ती कोणाला दिसणार?

त्याच्या सगळ्यात जवळ, पाच-सहा टेबलं सोडून, एकजण गुडघा टेकून दोन्ही हातांनी नेम धरून होता. त्याचा चेहरा मला बाजूने दिसला. तो वेंडेल होता. गुडघा दुखतो म्हणणारा. तो ओरडत नव्हता. ओरडणाऱ्यांची मला तितकी भीती वाटली नाही.

डेप्युटींनी मला विचारलं की जप्त केलेलं छोटं रिव्हॉल्व्हर कोणाचं. ते माझं आहे. आमच्या खालच्या रस्त्यावर घरफोडी झाली तेव्हा डेल्बर्टने घेऊन दिलं. ते दारावर बसताना माझ्या ॲप्रनच्या खिशात असतं. भरलेलं असतं. त्या पाटीच्या खाली बसून, होय. मला कोणी कधी विचारलं नाही आणि पट्ट्यांचा गठ्ठा तर माझ्याच पुढ्यात असतो.

ते मी कधी काढलं मला आठवत नाही. ते हातात होतं आणि वेंडेलच्या पाठीवर रोखलेलं होतं, एवढं आठवतं. डेल्बर्टने रायफल तशीच हातात धरून मागे वळून बघितलं असतं तर वेंडेलने गोळी घातली असती, आणि वेंडेलचा खांदा हलला असता तर मी घातली असती. डेप्युटींनी मला हे पुन्हा विचारलं, खात्री आहे का म्हणून. आहे. बोट चापावर होतं आणि अर्धा चाप मी ओढलेला होता. माझ्या टेबलावर ज्याच्यासाठी दर रविवारी ताट मांडते, त्याच्या पाठीत. मला तो वेंडेल आहे हे माहीत होतं. त्याला मात्र तो डेल्बर्ट आहे हे माहीत नव्हतं. दोघांत एवढाच फरक होता आणि तो माझ्या बाजूने चांगला नाही.

तेवढ्यात डेल्बर्टने मान हलवली. दुर्बीण जुळली की तो अशी मान हलवतो, आणि मग रायफल खांद्यावरून न काढताच गिऱ्हाइकाकडे वळतो, "हे बघ" म्हणायला. ही त्याची खोड मला माहीत आहे.

माझ्या खुर्चीमागे भिंतीवर हॉलच्या दिव्यांचा मोठा खटका आहे. तो खाली ओढायला दोन हात लागतात. एका हाताने तो हलत नाही. मी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, वेंडेलकडे पाठ केली, आणि खटका ओढला. अंधारात घाबरून कोणाचंही बोट आवळलं जाईल हे मला कळत होतं. एकाने गोळी झाडली असती तर सगळ्यांनी झाडल्या असत्या. दुसरं काही मला येत नव्हतं. मी दिवे घालवले, लावले, पुन्हा घालवले, लावले. माझ्या उघड्या दारातून थोडा उजेड येत होता, म्हणून पूर्ण काळोख झाला नाही. गोळी सुटली नाही. का सुटली नाही ते मला सांगता येणार नाही. नियमामुळे नाही, एवढं नक्की.

मी वळून बघितलं. डेल्बर्टने रायफल टेबलावर ठेवली होती. त्याने दोन्ही हात पॅन्टला पुसले. मग दाराकडे वळला आणि हात वर करून मला खूण केली, आलो म्हणून. तो हसत होता.

त्याचा चेहरा दिसताच वेंडेलच्या हातातलं पिस्तूल खाली गेलं. तो तसाच बसून राहिला, एका गुडघ्यावर. डेल्बर्ट त्याच्यापाशी थांबला, त्याला काखेत हात घालून उठवलं, आणि माझ्याकडे बघून त्याच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाला, "अगं, हा वेंडेल पांढरा का पडलाय? याला काही खायला घाल." मग टेबलाखालून ब्रॅडीची बायको किंचाळली तेव्हा सगळ्यांना काय झालं ते कळलं.

शेरीफची माणसं आली तोवर सगळ्यांचे शर्ट पुन्हा खाली आले होते. डेप्युटींनी हॉलमध्ये मोठ्याने विचारलं की शस्त्र कोणी कोणी काढलं होतं. माणसं आपापले बूट बघत होती. सापडलं फक्त ब्रॅडीचं पिस्तूल, आणि माझं, कारण ते टेबलावर होतं आणि उचलायला माझा हात उठत नव्हता. आता जप्तीत दोनच आहेत असं लिहायचं असेल तर लिही, टायलर. पण तिथे दोनच होती असं लिहू नकोस.

रॉइस टॅकेट यांनी भोंग्यावर सांगितलं की किरकोळ अपघात झाला आहे, काळजीचं कारण नाही, सँडविचचं दुकान चालू आहे. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "इमोजीनबाई, जबाबात एवढंच सांगा, दारावर सगळ्यांना विचारलं होतं म्हणून." ते मी सांगते. दारावर सगळ्यांना विचारलं होतं. तपासलं कोणालाच नाही. ते असंही म्हणाले की बाहेर पुन्हा रांग लागली आहे, उद्याही मेळा आहे, मी बसेन ना? उद्या तिथे बसून "जवळ काही आहे का" विचारायचं आणि "नाही" ऐकून समोरच्याच्या तोंडाकडे बघायचं, याची मला भीती वाटते. दुसऱ्या कशाची वाटते त्यापेक्षा जास्त वाटते. पट्टी सगळ्यांना बांधणार असतील, मलासुद्धा, तर बसेन. हे त्यांना कळवावं.

वेंडेलचं नाव द्यायचं की नाही याचा विचार करत मी बाहेर बाकावर बसले होते. तो स्वतः तिथे आला. म्हणाला, "माझं नाव घे इमोजीन. त्याने तो तपकिरी कोट घातला असता तर मी पाठीवरून ओळखलं असतं गं." मी म्हटलं, "कोट मीच बदलायला लावला." तो रडला. मी त्याला सांगितलं नाही की त्याच्या मागे मी होते. त्याने ते या जबाबातून वाचू नये अशी माझी विनंती आहे, पण ते खोडू नये.

डेल्बर्टला एवढंच माहीत आहे की कोणा एकाच्या पोटरीत गोळी गेली. त्याच्या पाठीवर किती जणांनी नेम धरला होता हे त्याला ठाऊक नाही. मी त्याला जेवायला बोलावलं म्हणून तो वळला, असं त्याला वाटतं. आल्यापासून विचारतोय, जेवण कुठे आहे. वेंडेलला त्याने उद्या चर्चनंतर नेहमीसारखं घरी ये म्हणून सांगितलं आहे, आणि वेंडेल हो म्हणाला आहे.

रिव्हॉल्व्हर मला परत नको.

हा मजकूर डेप्युटी हेन्सली यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. माझा नवरा माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. ते वाचत असताना एका ठिकाणी थांबले तेव्हा तो हसला, कारण त्याला वाटलं आम्ही काहीतरी गमतीचं बोलतोय. मी सांगितलं तसंच लिहिलं आहे आणि ते खरं आहे. त्याला ऐकू गेलेलं नाही.

सही: इमोजीन फुगेट
समोर: डेप्युटी टायलर हेन्सली